डावखुरा मुरलीधर आणि पाठकोरी लादी

आजची गोष्ट माझ्या हातून झालेल्या एका चुकीपासून सुरू होते, त्यामुळे सुरुवातीलाच कबुली देऊन टाकते. आमच्या घरातला देव मी फोडला.

मुद्दाम नाही हो. वेंगुर्ल्याजवळ आमचं जुनं घर आहे. पुढे खळं, म्हणजे अंगण, आणि खळ्यात तुळशीचं वृंदावन. त्या वृंदावनाच्या दर्शनी बाजूला सहा इंची चौरस लादी बसवलेली होती. लादी म्हणजे टाइल, आमच्याकडे लादीच म्हणतात. तिच्यावर उठावाचा मुरलीधर. पिवळा पीतांबर, निळं अंग, मागे झाड, कोपऱ्यांत हिरवी पानं. पावसाळ्यामागून पावसाळे खाल्ल्यामुळे वृंदावनाला लोणा लागला होता, गिलावा पापुद्र्यांनी सुटत होता. मे महिन्यात सुट्टीला गेले तेव्हा मला वाटलं, ही लादी अलगद काढू, गिलावा नवा करू, परत बसवू. यूट्यूबवर दोन व्हिडिओ बघितले आणि छिन्नी घेऊन बसले.

मला एक गोष्ट माहीत नव्हती. लादी मुळात चुन्यात बसवलेली असावी, पण मागे कधीतरी डागडुजी करताना कडेने सिमेंट भरलं होतं. चुना मऊ असतो, हलक्या हाताने खरवडला तर सुटतो. सिमेंट सोडत नाही. तिसऱ्या ठोक्याला ‘टक्’ असा आवाज आला आणि मुरलीधराचे तीन तुकडे झाले. शिवाय कोपऱ्याचा एक कपचा उडून अबोलीच्या आळ्यात पडला.

आजी पडवीत बसलेली होती. ती काही बोलली नाही, उठून आत गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ही लादी तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे माझ्या पणजोबांनी आणलेली. पणजोबा मुंबईच्या गोदीत हमाल होते. आजी सून म्हणून घरात आली त्याच्या कितीतरी आधीपासून लादी तिथे होती. घरात एकच गोष्ट सांगितली जायची, की हा देव विलायतेहून बोटीने आला. आणखी एक गंमत होती. तुम्ही कृष्णाची चित्रं आठवून बघा. बासरी बहुतेक वेळा त्याच्या उजव्या अंगाला जाते. आमच्या लादीवर ती डाव्या अंगाला होती. आजी सांगायची की आपला मुरलीधर डावखुरा आहे. आमच्या घरात माझे बाबा डावखुरे, मी डावखुरी. त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की हे आमच्याकडे देवापासून आलंय.

दुसऱ्या दिवशी आजीने सांगून टाकलं, “फुटको देव घरात ठेवूचो नाय.” म्हणजे विसर्जन. आणि ते तिच्या बाजूने बरोबरच होतं, खंडित मूर्तीची पूजा करत नाहीत. मी तिच्याकडे तुळशीच्या लग्नापर्यंतची मुदत मागितली. तोवर तसाच दुसरा शोधून आणते म्हटलं. तिने मान हलवली. “तसो मेळाचो नाय,” असं ती म्हणाली खरी, पण तुकडे एका परातीत, पांढऱ्या फडक्यावर नीट मांडून ठेवले.

आता शोधायचं म्हणजे आधी ती वस्तू काय आहे ते कळायला हवं. अशा लाद्यांची कुंडली पाठीवर असते, कंपनीचं नाव, देशाचं नाव, कधी क्रमांक. आणि पाठ कायमची भिंतीत गाडलेली. नव्वद वर्षं कोणी ती पाहिलेली नसते. लादी फुटली म्हणून मला ती बघायला मिळाली, एवढा एक फायदा. ब्रशने चुना साफ केला, मोबाईलचा टॉर्च तिरका धरला. आणि तिथे काहीच नव्हतं. नुसत्या उभ्या-आडव्या रेघांची जाळी. ती जाळी चुन्याला पकड मिळावी म्हणून असते. एक अक्षरही नाही.

मग उलट्या बाजूने सुरुवात केली. अशा लाद्या बनतात कशा?

१८४० साली इंग्लंडमध्ये रिचर्ड प्रॉसर नावाच्या माणसाने एक पेटंट घेतलं. ओल्या मातीऐवजी जवळजवळ कोरडी, पिठासारखी माती लोखंडी साच्यात भरायची आणि प्रचंड दाबाने दाबायची. सुरुवातीला त्यातून बटणं बनत होती. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या हर्बर्ट मिंटनने ओळखलं की याच पद्धतीने लाद्या करता येतील. ओली माती वाळताना वाकडी होते, कोरडी दाबलेली सरळ राहते. एका मापाच्या हजारो लाद्या बनवायची सोय झाली. त्याच मिंटन कारखान्यात लेऑं आर्नू या फ्रेंच माणसाने १८४९ च्या सुमारास गडद, पारदर्शक, रंगीत झिलई तयार केली आणि १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात ती गाजली. तिला नाव पडलं माजोलिका. खरं तर हे नाव इटलीतल्या वेगळ्याच जातीच्या भांड्यांचं, पण विकायला बरं होतं म्हणून चिकटलं. मिंटनच्या लाद्या बघायच्या तर फार लांब जायला नको. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जाल तेव्हा एकदा खालीही बघा. त्या जमिनीवरच्या आहेत, माजोलिका नव्हेत, पण कारखाना तोच.

माजोलिका लादीचं तंत्र मला फार आवडलं, म्हणून जरा थांबून सांगते. साच्यातच चित्र खोलगट-उंच कोरलेलं असतं. लादीवर चित्राच्या कडा बारीक बांधासारख्या उठून येतात. अगदी भातशेतीचे बांध समजा. त्या बांधांच्या मधल्या खाचरांत कामगार वेगवेगळी झिलई भरतात. बांधामुळे पिवळा निळ्यात मिसळत नाही. भट्टीत झिलई वितळते, काचेसारखी होते, आणि जिथे खोलगट जागा तिथे साचून गडद दिसते, उंचवट्यावर पातळ होऊन फिकी. म्हणजे पीतांबराच्या चुण्यांतली सावली कोणी ब्रशने रंगवलेली नाही, ती रस साचल्यामुळे आलीय. हिरवा तांब्यापासून, निळा कोबाल्टपासून, मधासारखा पिवळा लोखंडापासून. झिलईत शिसं असायचं, तेव्हा अशी जुनी लादी घरी असेल तर ती सँडपेपरने घासायला जाऊ नका.

इथवर सगळं इंग्लंडकडेच बोट दाखवत होतं, म्हणजे आजीची ‘विलायत’ बरोबर. पण इंग्लिश लाद्यांच्या पाठी सहसा इतक्या मुक्या नसतात. मिंटन, मॉ अशी नावं ठसठशीत असतात. ब्रिटनमध्ये नोंदवलेल्या नक्षीवर १८४२ ते १८८३ या काळात हिऱ्याच्या आकाराची खूण असायची आणि १८८४ पासून नोंदणी क्रमांक. त्यावरून साल काढता येतं. अर्थात नसलेल्या खुणेवरून काही सिद्ध होत नाही. बिनखुणेच्या लाद्या सगळ्यांनीच बनवल्या. माझं अडलं होतं दुसरीकडे. स्टोकमधल्या कारखान्याने मुरलीधर कशाला करावा?

उत्तर मिळालं ते लाद्यांवर नाही, कापसावर वाचताना.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानमध्ये सूतगिरण्या धडाधड उभ्या राहत होत्या आणि त्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा होता. तो मुंबईहून जायचा, पण वाहतूक पी अँड ओ या बलाढ्य ब्रिटिश कंपनीच्या हातात आणि भाडी चढी. मग जमशेटजी टाटांनी निप्पॉन युसेन कैशा या जपानी जहाज कंपनीशी हातमिळवणी केली आणि १८९३ मध्ये मुंबई ते जपान थेट बोट सुरू झाली. पी अँड ओने भाडी पाडून ती बुडवायचा प्रयत्न केला, पण जपानी बोट टिकली. ज्या बोटी कापूस घेऊन कोबेला जात त्या परत येताना रिकाम्या येतील का? काड्यापेट्या, काचेच्या बांगड्या, चिनी मातीची भांडी. आपल्या पणज्यांच्या हातात जपानी बांगड्या होत्या हे आपण पार विसरून गेलोय.

जपानने कोरड्या दाबाच्या लाद्या १९०८ च्या सुमारास जमवल्या. सुरुवातीला सरळ इंग्लिश नमुन्यांची नक्कल करत, त्यात त्यांनी काही लपवलं नाही. मग १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं, युरोपचा माल यायचा बंद झाला आणि आशियाची बाजारपेठ जपानी कारखान्यांसाठी मोकळी झाली. अवाजी बेटावरची दांतो, नागोयाकडची साजी अशा कंपन्यांचा माल तैवान, सिंगापूर आणि हिंदुस्थानात जाऊ लागला. तमिळनाडूतल्या चेट्टिनाडच्या वाड्यांत या लाद्या आजही भिंतीभर दिसतात. तैवानमधल्या चियायी शहरात तर पाडल्या जाणाऱ्या घरांवरून सोडवून आणलेल्या अशा लाद्यांचं अख्खं संग्रहालय आहे. (एक अवांतर गोष्ट. जपानमध्येही पूर्वी या वस्तूला डझनभर नावं होती. १९२२ साली ठरवून सगळ्यांना ‘टाइल’ म्हणायचं पक्कं केलं. आपल्याकडे त्याच साली मुंबईत भारत टाइल्सवाल्यांनी स्वदेशी म्हणून सिमेंटच्या नक्षीदार लाद्या सुरू केल्या.)

आणि हिंदुस्थानसाठी या जपान्यांनी गुलाब आणि मोरांच्या जोडीला देवही बनवले. कृष्ण, लक्ष्मी, सरस्वती. ज्यांनी कधी देवघर पाहिलं नसेल त्यांनी देव कसे बनवले? छापील चित्रांवरून. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. तिथून आणि त्याची नक्कल करणाऱ्यांकडून देवांची स्वस्त रंगीत चित्रं घरोघर पोचली. अकी तोयोयामा या जपानी संशोधकांनी यावर सविस्तर लिहिलंय, की या लाद्यांवरचे देव त्याच चित्रांतून आले.

हे वाचलं आणि मला एकदम बासरी आठवली.

साचा म्हणजे शिक्का. शिक्क्यावर अक्षर उलटं कोरलं तर ठसा सुलटा उमटतो. कोरणाऱ्यासमोर चित्र ठेवलं आणि त्याने ते जसंच्या तसं कोरलं तर लादीवर आरशातलं चित्र येणार. उजवीकडची बासरी डावीकडे जाणार. ज्याला कृष्ण माहीत आहे त्याला हे लगेच खटकलं असतं. ज्याला माहीत नाही त्याच्या दृष्टीने एक सुंदर मुलगा बासरी वाजवतोय, बासरी कुठल्या का बाजूला असेना. हा माझा तर्क आहे, पण मी तो परातीतल्या तुकड्यांसमोर बसून केला आणि तेव्हा अंगावर काटा आला. आमच्या घराण्याचं डावखुरेपण म्हणजे कोणाची तरी कामातली गफलत!

पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. शिवाय मला जोडीदार लादी हवी होती. म्हणून चोरबाजार.

मटन स्ट्रीटवर जून ते ऑक्टोबर मी पाच शुक्रवार घातले. एका दुकानात लाद्यांची चळत होती. मोर, गुलाब, हंस, दोन लक्ष्म्या, कृष्ण नाही. एका दुकानदाराने माझा फोटो बघून ‘इंग्लंडचा माल आहे ताई, महाग पडेल’ असं सांगितलं. दुसऱ्याने माझ्यासमोर एक राधाकृष्ण ठेवला. झिलई चकचकीत, पाठ मात्र पांढरीफेक, आणि तिच्यावर कोणीतरी चहाचं पाणी ओतल्यासारखा तपकिरी डाग. जुन्या लादीच्या झिलईत केसासारख्या तडा असतात आणि त्या तड्यांत वर्षानुवर्षांचा मळ बसलेला असतो. पाठीच्या खाचांत चुना घट्ट रुतलेला असतो. हे दोन्ही खोटं करता येतं, पण कष्ट पडतात. या माणसाने ते घेतलेले नव्हते.

पाचव्या खेपेला एका काकांनी आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली लादी आणली. कागद सोडला आणि बासरी डाव्या अंगाला.

हाच आमचा मुरलीधर, पण पीतांबर हिरवा होता. ‘हिरवा’ आणि ‘पीतांबर’, काय बोलणार. बांध तेच, खाचरांत रस वेगळा भरलेला. मी लादी उलटी केली. जाळी, आणि जाळीच्या मध्ये रोमन लिपीत स्पष्ट तीन शब्द: मेड इन जपान.

आता तुम्ही म्हणाल, एकीवर नाव आहे, दुसरीवर नाही, मग एकाच कारखान्याच्या कशावरून? कोणीतरी नक्कल केली असेल. बरोबर प्रश्न आहे, मलाही तोच पडला. दोन गोष्टी तपासल्या. एक, माप. तयार लादीवरून साचा पाडून नक्कल केली, तर नवी माती भट्टीत पुन्हा आटते आणि नक्कल मूळ लादीपेक्षा लहान येते. मी आमच्या तुकड्यांचा कागदावर ठसा घेऊन आणला होता. बासरीच्या टोकापासून पायाच्या अंगठ्यापर्यंतचं अंतर कॅलिपरने मोजलं, दोन्हींत तेवढंच भरलं. दोन, खोट. आमच्या लादीवर डाव्या खांद्याजवळचा बांध केसभर तुटलेला आहे, मी लहानपणापासून तिथे बोट फिरवायचे. या लादीवर तो तिथेच, तसाच तुटलेला होता. एका साच्याला पडलेला टवका दोघांच्या अंगावर उतरला होता. आणि नावाचं म्हणाल तर साच्याचे दोन भाग असतात, चित्राचा वेगळा आणि पाठीचा वेगळा. पाठीचा पत्रा बदलता येतो. म्हणजे चित्र एकाच साच्यातलं, पाठी दोन.

साल सांगू शकत नाही, पण चौकट सांगता येते. महायुद्धाच्या काळापासून पुढे, आणि १९४१ च्या आधी, कारण तेव्हा जपान दुसऱ्या महायुद्धात आपल्या राज्यकर्त्यांविरुद्ध उतरला आणि हा माल थांबला. पणजोबा गोदीत होते ते याच काळात. ते फक्त ‘बोटीवरून आला’ एवढंच म्हणाले असतील. त्या काळी बोटीवरून आलेलं सगळं विलायतीच.

काकांनी सांगितलेल्या किमतीत माझा त्या महिन्याचा अर्धा पगार गेला. घासाघीस केली, पण माझा चेहरा बघून त्यांना सगळं कळलं असणार.

प्रश्न उरला आजीला सांगायचं काय. बाबांचं मत होतं की काही सांगू नकोस, ८८ वर्षांच्या बाईची विलायत कशाला काढून घेतेस. मला ते पटत होतं आणि पटत नव्हतं. मी इतिहासाचे भाग करते आणि घरी गप्प बसायचं? तुळशीच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी पडवीत तिच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. कापूस, बोट, छापखाना, उलटा साचा. बासरी चुकून डावीकडे गेली हेही सांगितलं. ती वाती वळत होती. शेवटी एवढंच म्हणाली, “देव खंयसून इलो ह्यां कोण इचारता?” मग जरा वेळाने तिनेच विचारलं की तो करणारा माणूस तरी डावखुरा होता का.

हे मला सुचलंच नव्हतं. मी म्हटलं, असेलही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लादी वृंदावनात बसवली, या वेळी चुन्यात, आणि छिन्नी मी नाही, गावातल्या गवंडीकाकांनी धरली. संध्याकाळी ऊस, चिंचा, आवळे, अंतरपाट, मंगलाष्टकं, सगळं झालं. अक्षता पडल्यावर आजीने हिरव्या पीतांबराच्या कृष्णाला हळदकुंकू लावलं. बोट मात्र आधी खांद्यावर नेलं, त्या तुटलेल्या बांधावर. तोपर्यंत मला वाटत होतं की तो फक्त मलाच माहीत आहे.

जुना मुरलीधर पौर्णिमेला समुद्रात सोडायचा ठरला होता. मला तो हवा होता, खोटं कशाला बोलू. माझ्याकडे त्याचे शंभरेक फोटो आहेत, कागदी ठसे आहेत, मापं आहेत, तरी हवा होता. मी मागितला नाही. परात घेऊन निघताना आजीनेच फडकं उलगडलं, तीन मोठे तुकडे एका बाजूला सारले आणि अबोलीच्या आळ्यात सापडलेला तो कोपऱ्याचा कपचा वेगळा काढला. त्याच्यावर फक्त एक हिरवं पान आहे.

“पान काय देव न्हय,” ती म्हणाली. “तां ठेव तुका.”

हा भाग रेकॉर्ड करताना तो कपचा माझ्या टेबलावर, माईकच्या शेजारी आहे. पुढच्या भागात काड्यापेट्यांवरच्या चित्रांबद्दल बोलू. तुमच्या घरी भिंतीत, पलंगाच्या पाठीला, तुळशीला अशी लादी असेल तर फोटो पाठवा, सरळ उजेडात एक आणि तिरक्या उजेडात एक. आणि कृपा करून छिन्नी लावू नका.